आधी पाय बघावेत

नवा राक्षसपट आला की पहिली चर्चा उंचीची. या खेपेला किती मीटर? मागच्यापेक्षा मोठा की लहान? पोस्टरवर दात, ट्रेलरमध्ये एक डोळा आणि बातम्यांत आकडा. गंमत अशी की हा आकडा चित्रपट पाहताना कुणाला दिसतच नाही. पडद्यावर मीटर उमटत नाहीत. उमटतो तो वेळ. पाऊल उचललं केव्हा, टेकलं केव्हा आणि टेकल्यावर धूळ उठायला किती उशीर लागला, यावरून डोळा आकार ठरवतो. म्हणून पहिल्यांदा पाहताना नजर तोंडावर खिळू देऊ नये. तोंडावर सगळ्यांनीच जीव ओतलेला असतो. खवले, लाळ, बुबुळ, सगळं चोख. चोरी पकडली जाते ती खाली, प्राणी जमिनीला टेकतो तिथे.

उंचीचे आकडे फारसे मनावर घेऊ नयेत, याला जुना दाखला आहे. १९३३च्या ‘किंग काँग’मध्ये बेटावरचा काँग साधारण १८ फुटांचा धरला होता. न्यूयॉर्कच्या दृश्यांत तो २४ फुटांचा झाला, कारण गगनचुंबी इमारतींपुढे १८ फूट अगदीच किरकोळ दिसत होते. जाहिरातीत तर ५० फूट छापले. प्राणी एकाच चित्रपटात सहा फुटांनी वाढला आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. बेटावरचा तो बाहुला जेमतेम १८ इंचांचा. विलिस ओब्रायन आणि त्यांचे सहकारी एकेका फ्रेमसाठी त्याला हातांनी किंचित हलवत. दर वेळी बोटं लागून अंगावरचे केस विस्कटत, आणि पडद्यावर ते सतत फुलारल्यासारखे दिसतात. खरं तर ती चूक. पण त्या चुकीनेच काँगचं अंग जिवंत वाटतं.

आता वेळेचं गणित. ५० मीटरवरून दगड सोडला तर तो जमिनीवर यायला ३.२ सेकंद लागतात. २ मीटरवरून सोडला तर ०.६४ सेकंद. उंची पंचवीसपट, वेळ मात्र पाचपटच. पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो, एवढंच काय ते सूत्र. राक्षसपटाचा सगळा धंदा या वर्गमुळावर उभा आहे, मग राक्षस रबराचा असो वा संगणकातला.

१९५४ साली जपानच्या तोहो कंपनीने ‘गोजिरा’ काढला, जगाला तो ‘गॉडझिला’ म्हणून माहीत आहे. दिग्दर्शक इशिरो होंडा, आणि विशेष दृश्यं एइजी त्सुबुराया यांची. त्सुबुरायांना काँगसारखंच फ्रेम-फ्रेम हलवून चित्रण करायचं होतं, पण हाताशी असलेल्या माणसांत आणि साधनांत त्याला सात वर्षं लागली असती. म्हणून माणसाला सूट घालून मिनिएचर शहरातून चालवायचं ठरलं. गोजिरा ५० मीटरचा, शहर १/२५ मापाचं, म्हणजे सूटमधला माणूस २ मीटरचा. हिशोब जमला. अडचण आली ती टोकियोच्या संसदभवनाची. ती इमारत खऱ्या आयुष्यात ६५ मीटरच्या वर आहे. १/२५ ने बांधली असती तर २.६ मीटरची झाली असती आणि गोजिरा तिच्यापुढे बुटका ठरला असता. म्हणून तेवढी एक इमारत १/३३ मापाने बांधली. आली बरोबर २ मीटरच्या आसपास, खांद्याला खांदा. मापाशी ही लबाडी करायला मापाचं पक्कं ज्ञान लागतं.

१/२५ चं मॉडेल असेल तर कॅमेरा पाचपट वेगाने फिरवावा लागतो. सेकंदाला २४ च्या जागी १२० फ्रेम. मग तेच चित्रण २४ ने दाखवलं की ०.६४ सेकंदात पडलेला कौलाचा तुकडा ३.२ सेकंद घेतो आणि डोळा फसतो. वाचायला सोपं, करायला महाकठीण. फ्रेम पाचपट म्हणजे प्रत्येक फ्रेमला मिळणारा उजेड एक पंचमांश. त्यात मॉडेल जवळून टिपायचं असल्यामुळे फोकसची खोली कमी पडते. पुढचा खांब स्पष्ट आणि मागची इमारत धूसर दिसली की खेळणं उघडं पडलं. हे टाळायला लेन्सचं छिद्र बारीक करायचं. एफ/४ वरून एफ/१६ वर गेलं की उजेड आणखी सोळाव्या हिश्श्यावर येतो. पाच गुणिले सोळा, ऐंशीपट दिवे. त्या दिव्यांच्या झळेत सूटमध्ये माणूस. ३५ मिमीच्या हजार फुटांच्या रिळात साधारण १६,००० फ्रेम बसतात. २४ ने ते ११ मिनिटं पुरतं, १२० ने सव्वादोन मिनिटांच्या आत संपतं. तेवढ्यात शेपूट योग्य इमारतीवर पडलं नाही, तर इमारत पुन्हा बांधा.

सूटमध्ये होते हारुओ नाकाजिमा. पहिला सूट सुमारे १०० किलोंचा झाला आणि इतका ताठ की त्यात धड चालताच येईना. तो बाद करून दुसरा बनवला. पण पहिला फेकून दिला नाही. तो कमरेतून कापला आणि खालच्या अर्ध्या भागाला दोऱ्यांचे पट्टे लावून तो पँटसारखा अडकवून नाकाजिमा चालले. पावलांचे क्लोजअप त्या अर्ध्या सूटचे आहेत. ज्या वजनामुळे सूट निकामी ठरला, तेच वजन पावलांना हवं होतं.

पावलाचं वजन म्हणजे नक्की काय? माणूस चालताना एक पाऊल साधारण अर्ध्या सेकंदात टाकतो. पाय लंबकासारखा झुलतो, म्हणून इथेही वर्गमूळच. पाय वीसपट लांब असेल तर पाऊल साडेचारपट सावकाश पडायला हवं, म्हणजे सव्वादोन सेकंद, म्हणजे पडद्यावर ५०-५५ फ्रेम. एका पावलाला एवढा वेळ देणं संकलकाच्या जिवावर येतं. ‘शॉट लांबतोय’, ‘जोर कमी वाटतोय’ असे शेरे येतात आणि पाऊल चाळीस फ्रेमवर, मग तीसवर येतं. जोर वाढतो खरा, पण त्याच वर्गमुळाच्या हिशोबाने प्राणी जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचा उरतो. अलीकडच्या काही हॉलिवूडपटांत शंभर मीटरचे प्राणी धावतात, कोलांट्या मारतात, एकमेकांना उचलून आपटतात. मजा येते, नाकारायचं कारण नाही. पण ती कुस्तीची मजा. भीती त्यात औषधालाही उरत नाही.

वजन एकट्या वेगातही नसतं. पाऊल टेकलं की मांडीचं मांस आधी खाली जातं, मग वर येतं. तो हेलकावा पोटाकडे जातो आणि शेवटी शेपटाच्या टोकाशी विरतो. सगळं एकदम थांबलं तर समजावं की आत सांगाडा आहे, मांस नाही. मग रस्ता. गॉडझिलाचं जाहीर केलेलं वजन २०,००० टन. एक पाऊल ५० चौरस मीटरचं धरलं, तर एका पायावर भार आल्यावर दर चौरस सेंटीमीटरला ४० किलोंचा दाब पडतो. भरलेल्या ट्रकच्या टायरचा असतो आठेक किलो. म्हणजे डांबर नुसतं तडकून भागणार नाही. ते पावलाखाली बसायला हवं आणि कडेने उसळून वर यायला हवं. पाऊल गुळगुळीत रस्त्यावर ठेवल्यासारखं दिसलं, की तो प्राणी तिथे उभा नाही, नंतर चिकटवलेला आहे. (२०,००० टनांच्या फार खोलात मात्र शिरू नये. २ मीटर उंचीचा, १०० किलोंचा माणूस पंचवीसपट केला तर वजन १५,६२५ पट होतं, म्हणजे दीड हजार टनांच्या थोडं वर. मांड्या आणि शेपूट धरून तिप्पट केलं तरी पाच हजारांच्या आतच. म्हणजे उरलेल्या हिशोबाने गॉडझिला दगडाहूनही जड पदार्थाचा ठरतो.)

हे सगळं डोक्यात ठेवून २०२३चा ‘गॉडझिला मायनस वन’ पाहावा. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी, आणि व्हीएफएक्सची, म्हणजे दृश्य-परिणामांची, सूत्रंही त्यांच्याकडेच. ६१० व्हीएफएक्स शॉट, ते करणारे ३५ जण. मार्च २०२४ मध्ये त्याला दृश्य-परिणामांचं ऑस्कर मिळालं, तेही कैकपट खर्चिक हॉलिवूडपटांना मागे टाकून. ‘कमी पैशांत एवढं?’ हा सगळ्यांचा पहिला उद्गार होता. पण पैशाच्या कौतुकात खरी गोष्ट निसटते. शॉट मंजूर करणारा माणूस आणि करून घेणारा माणूस एकच होता. मोठ्या चित्रपटांत एकेक शॉट चार देशांतल्या कंपन्यांतून फिरतो, वर जातो, शेरे घेऊन खाली येतो. प्रदर्शनाला दोन महिने असताना राक्षसाचा रंग बदलतो आणि केलेलं काम पाण्यात जातं. इथे काय दाखवायचं नाही हे आधीच ठरलेलं होतं.

आणि दाखवायचं काय, तर पाणी.

पाणी हे राक्षसपटाचं सगळ्यात जुनं दुखणं. इमारत लहान करता येते, माणूस सूटमध्ये घालता येतो, पण पाण्याचा थेंब काही ऐकत नाही. तो पृष्ठताणाने ठरतो. मॉडेल १/२५ चं असलं म्हणून थेंब पंचवीसपट बारीक होत नाही. ४ मिलिमीटरचा थेंब पडद्यावर १० सेंटीमीटरचा दिसतो, एखाद्या संत्र्याएवढा. जुन्या चित्रपटांत बोट बुडते तेव्हा मन नेमकं तिथेच बाहेर येतं. पाण्यात पृष्ठताण कमी करणारं द्रव्य मिसळून फेस बारीक करता येतो, कॅमेऱ्याचा वेग वाढवता येतो, पण पुरता इलाज एकच, मॉडेल मोठं बांधणं. आगीच्या ज्वाळेचंही तेच, तीही मापात लहान होत नाही.

संगणकाने हा प्रश्न सोडवला, असं वाटेल. त्याने तो दुसरीकडे ढकलला. समुद्राचं सिम्युलेशन करताना पाण्याचे चौकोनी कण पाडावे लागतात. कण अर्ध्या मापाचा केला की तेवढ्याच पाण्यात आठपट कण. शिवाय वेळेची पावलं दुपटीने बारीक करावी लागतात, म्हणून काम सोळापट. कण मोठा ठेवला तर लाट काकवीसारखी जाड हलते. आणि मूळ लाट जमली तरी ते अर्धंच काम, कारण समुद्र ओळखू येतो तो पांढऱ्या पाण्यावरून. उडणारे तुषार, पृष्ठभागावरचा फेस, आत घुसलेले बुडबुडे, हे तीन वेगवेगळे थर स्वतंत्र करून लाटेवर बसवायचे. तुषार हवेत विरायला हवेत, बुडबुडे खालून सावकाश वर यायला हवेत, आणि प्राणी निघून गेल्यावरही फेस मागे रेंगाळायला हवा. घाईत केलेल्या कामात राक्षस डोकं वर काढतो आणि दोन सेकंदांत समुद्र पुन्हा निळा. खऱ्या समुद्रात ती पांढरी वाट मिनिटंच्या मिनिटं टिकते.

‘मायनस वन’मध्ये लाकडी सुरुंगशोधक बोटीचा पाठलाग आहे. लाकडी अशासाठी की चुंबकीय सुरुंग लोखंडावर फुटतात. मागून डोकं पाणी कापत येतं. इथे बघायचं ते डोकं नव्हे, डोक्यापुढची लाट. जहाजाच्या नाळेपुढे उठते तशी ती आधीच फुगून येते आणि बोट पहिल्यांदा हलते ती त्या लाटेने. जबड्याचा तिला स्पर्शही झालेला नसतो. पाणी खवल्यांच्या खाचांतून एकदम सांडत नाही, निथळत राहतं. बोटीवरची बरीच दृश्यं खऱ्या समुद्रात, खऱ्या बोटीवर घेतली आहेत. त्यामुळे नटांचा तोल कुणी ‘करत’ नाही, तो आपोआप जातो. आणि संगणकातल्या समुद्राला शेजारच्या खऱ्या समुद्राशी बरोबरी करावी लागते. त्या ३५ जणांतल्या एका तरुणाने पाण्याच्या चाचण्या करून दाखवल्या आणि त्या पाहून समुद्राची दृश्यं वाढवली, असं दिग्दर्शकाने सांगितलं आहे. पटकथेवर थेंबाचं राज्य, असं क्वचित घडतं.

राक्षस येण्याआधी तिथे पाण्यावर मासे तरंगतात. खोल समुद्रातले, पोट तोंडातून बाहेर आलेले. हे कल्पित नाही. खोलातला मासा झपाट्याने वर आला की दाब उतरतो, आतली हवा फुगते आणि आतडं-पोट बाहेर ढकललं जातं. १,५०० मीटरवर दाब हवेच्या दीडशेपट असतो. पहिल्या पाहण्यात हे मासे म्हणजे नुसतं अपशकुनी दृश्य वाटतं. पुढे माणसं राक्षसावर जो उपाय काढतात तो याच दाबाच्या तत्त्वावर असतो, तेव्हा ते मासे आठवतात.

जमिनीवर मात्र हा गॉडझिला मला तितकासा पटला नाही. टोकियोच्या गिंझा भागातल्या चालीत कमरेखाली सगळं ठीक. पाऊल सावकाश, रस्ता फुटतो, धूळ उशिरा उठते आणि हवेत राहते. पण वरचा धड ताठ, खांदे जवळजवळ स्थिर. जुन्या सूटला दिलेली ही मानवंदना आहे, असं म्हणणारे आहेत. असेलही. पण रबराला जे माफ असतं, ते संगणकाला माफ होत नाही.

त्याच गिंझात गॉडझिलाच्या तोंडातून सुटणाऱ्या किरणाचा प्रसंग आहे. तो पाहण्यासाठी तिकीट पुन्हा काढावं. पाठीवरचे काटे शेपटाकडून मानेकडे एकेक करून बाहेर येतात, खटके वर चढावेत तसे. सगळे बाहेर आले की एका झटक्यात आत बसतात आणि मग किरण सुटतो. सगळ्या बाजूंनी आत दाब देऊन स्फोट घडवायचा, अणुबॉम्बच्या एका प्रकाराची ही यंत्रणा, आणि ती एका प्राण्याच्या पाठीवर मांडली आहे, शब्दही न बोलता. मग लाटेसारखी हवा बाहेर जाते, माणसं, गाड्या, पत्रे घेऊन. क्षणभर शांतता. आणि हवा उलटी, स्फोटाच्या जागेकडे, परत ओढली जाते. मोठ्या स्फोटात हे खरोखर होतं. आधी दाबाची लाट, मागून पोकळीची ओढ. बहुतेक चित्रपट पहिल्या लाटेवरच थांबतात. त्यानंतर पडतो तो काळा पाऊस.

आवाजाकडे वळू. १९५४ ची ती आरोळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेतून आली. कॉन्ट्राबासची तार सैल करून तिच्यावर राळ लावलेला कातडी हातमोजा घासला आणि ध्वनिमुद्रण हळू केलं. कोणत्याही प्राण्याचा आवाज त्यात नाही, म्हणून ती कोणत्याच प्राण्याची वाटत नाही. २०२३ मध्ये ‘मायनस वन’च्या चमूने आरोळी एका बेसबॉल मैदानाच्या ध्वनिवर्धकांवरून वाजवली आणि ती पुन्हा ध्वनिमुद्रित केली. स्टुडिओत हवा तेवढा घुमारा यंत्राने चढवता येतो, पण हजारो रिकाम्या खुर्च्यांवरून परत येणारा आवाज वेगळाच. तो किती दूर जाऊन आला, हे कानाला कळतं.

इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. राक्षस एक किलोमीटरवर असेल तर पाऊल टेकल्यावर धप्प ऐकू यायला तीन सेकंद लागतील. त्याआधी जमिनीतून हादरा पोचेल, कारण खडकातून कंप हवेपेक्षा कितीतरी वेगाने जातो. म्हणजे क्रम असा, आधी दिसतं, मग पायाखाली जाणवतं, शेवटी ऐकू येतं. चित्रपटात तिन्ही एकदमच होतात आणि किलोमीटरभर दूरचा राक्षस मांडीवर येऊन बसतो. १९९३च्या ‘ज्युरासिक पार्क’मधला पाण्याचा पेला म्हणूनच अजून लक्षात आहे. प्राणी दिसायच्या आत हादरा पोचलेला असतो. गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून ती छेडली, तेव्हा ती गोल वलयं उठली.

खालचे स्वर हा राक्षसाचा जीव. २० हर्ट्झच्या एका लाटेची लांबी १७ मीटर. ती कानापेक्षा छातीला जास्त कळते आणि मोबाइलच्या स्पीकरमधून ती येणं शक्यच नाही. त्यात दोनशे हर्ट्झखाली फारसं काही उरत नाही. तेव्हा ट्रेलर मोबाइलवर पाहून ‘दम नाही’ म्हणणाऱ्याने राक्षसाचा वरचा चिरका आवाजच ऐकलेला असतो. उलट फसगतही होते. सबवूफर इतका वाजतो की बाहेर पडताना चित्रपट मोठा वाटतो, आणि घरी कमी आवाजात पाहिला की सगळं फोपसं. पारख सोपी आहे. आरोळीच्या आधीचे पाच सेकंद ऐकावेत. तिथे शांतता असेल तर ध्वनी-संयोजकाने विचार केला आहे. सतत धडाम-धुडूम चालू असेल तर आरोळीला उभं राहायला जागाच नाही.

कॅमेरा कुठे ठेवला, यावर अर्धी लढाई ठरते. डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून दीड-पावणेदोन मीटरवर असेल, तर मान वर करावीच लागते. राक्षसाच्या नजरेच्या पातळीवर गेला की समोर माणसाएवढाच कुणीतरी उभा दिसतो. त्याहून वाईट म्हणजे उडता कॅमेरा. राक्षसाभोवती ६० मीटरच्या त्रिज्येने दोन सेकंदांत एक फेरी मारली तर वेग ताशी पावणेसातशे किलोमीटर होतो. कोणतंही हेलिकॉप्टर असं फिरत नाही. प्रेक्षक हे गणित करत नाही, पण त्याच्या डोळ्याला टेबलावरच्या बाहुलीभोवती फिरवलेला कॅमेरा ठाऊक असतो, आणि तो तेच ओळखतो.

थ्रीडीबद्दल थोडं कठोर बोलायला हवं. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटीमीटरचं अंतर असतं. त्यातून मिळणारी खोली जवळच्या वस्तूंपुरतीच. तीनशे मीटरवरची इमारत आपल्याला दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ सारखीच दिसते, म्हणून ती दूर आणि मोठी वाटते. थ्रीडी करताना त्या इमारतीला आणि राक्षसाला गोलाई दिली जाते, नाहीतर चष्म्याचे पैसे कशाचे? पण दूरच्या वस्तूत खोली दिसायला दोन डोळे एकमेकांपासून मीटरभर अंतरावर असावे लागतात. म्हणजे प्रेक्षकच महाकाय होतो आणि राक्षस हातात मावेल एवढा. वर चष्म्यामुळे उजेड निम्म्याहून कमी. बहुतेक राक्षस रात्रीच येतात, तेव्हा हिशोब आपणच करावा. साध्या पडद्यावर, थोडं पुढे बसून पाहावं. पडद्याच्या रुंदीइतक्या अंतरावर बसलं तर तो डोळ्यांपुढे ५३ अंश व्यापतो, दीडपट अंतरावर ३७. एरवी दुसरी जागा बरी, राक्षसपटाला पहिली. चौकटीचा आकारही पाहून घ्यावा. दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो यांनी ‘पॅसिफिक रिम’साठी फार रुंद चौकट न घेता १.८५ची (रुंदी उंचीच्या १.८५ पट), त्यामानाने उंच चौकट घेतली. उभ्या आकृत्यांना डोक्यावर जागा लागते म्हणून.

राक्षस कधी दाखवायचा, यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो लपवा. २०१४च्या ‘गॉडझिला’त दोन तासांत तो मोजकी मिनिटंच दिसतो. होनोलुलूच्या विमानतळावर आधी खिडकीबाहेर एक पाऊल येतं, मग कॅमेरा वर वर चढत जातो, आरोळी, आणि आता झुंज होणार तोच कट. पुढचं सगळं एका घरातल्या टीव्हीवर. चिडणारे खूप चिडले. मला ते पाऊल आणि तो चढ एवढा आवडतो की कट माफ, पण चिडणाऱ्यांचंही चूक नाही. वचन देऊन पानावरून उठवण्यातला तो प्रकार. दुसरा पंथ कोरियन दिग्दर्शक बाँग जून-हो यांचा. २००६च्या ‘द होस्ट’मध्ये प्राणी पहिल्या पाव तासात, भर उन्हात, हान नदीच्या काठावर गर्दीत येतो. लपवालपवी नाहीच. आणि धावताना तो उतारावर घसरतो, धडपडतो. धडपडणारा राक्षस बनवायला धाडस लागतं. पण त्या एका घसरण्यातून त्याचं वजन, वेग आणि ओली जमीन, तिन्ही एकदम पटतात. ‘मायनस वन’ तिसरीच वाट धरतो. सुरुवातीलाच, रात्री, एका बेटावर तो पुरता दिसतो, पण अजून लहान असताना. माणसाला तोंडात धरून फेकण्याएवढा. १९४६च्या बिकिनी बेटावरच्या अणुचाचणीनंतर तो वाढतो. त्यामुळे पुढे ५० मीटरचा आकार दिसतो, तेव्हा डोळ्यांना तुलनेला आधीचा आकार मिळालेला असतो.

राहिली माणसं. ‘माणसांचा भाग कापला असता तर बरं झालं असतं’ हे वाक्य प्रत्येक राक्षसपटानंतर ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण राक्षसाचं माप घेणारी पट्टी माणूसच असतो. पट्टीवर आकडे नसतील तर मोजणार कशाने? ‘मायनस वन’ या नावाचा अर्थच असा की युद्धाने जपान शून्यावर आला होता आणि राक्षसाने तो शून्याच्याही खाली नेला. जळून गेलेल्या वस्तीत पत्रे ठोकून उभं केलेलं घर आपण तासभर पाहिलेलं असतं. त्याला खिडकी आली, भिंत आली, छप्पर धड झालं. मेलोड्रामा जास्त आहे, नायक गरजेपेक्षा जास्त ओरडतो, हे मान्य. पण त्या घराची एकेक फळी आपल्याला माहीत असते, म्हणून गिंझात फळ्या उडतात तेव्हा त्या मोजता येतात.

दुसऱ्यांदा पाहताना गिंझाचा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहावा. मग गच्चीवरचे ते निवेदक नीट दिसतात. १९५४च्या चित्रपटातही राक्षस जवळ येईपर्यंत माइक न सोडणारे निवेदक होते, हे त्यांचेच वंशज. आवाज असताना लक्ष राक्षसाकडे जातं. आवाज नसताना दिसतं की ते बोलता बोलता मान वर वर नेत आहेत, आणि मग पायाखालची गच्ची कलते.